नावाबाहेरचे रुग्ण

मराठी वाक्प्रचारांचा कोणताही कोश उघडावा, 'छाती' या शब्दाखाली पराक्रमाची भलीमोठी यादी सापडते. माणूस निधड्या छातीचा असतो, छातीचा कोट करून उभा राहतो, छातीठोकपणे बोलतो. प्रसंगी त्याची छाती होत नाही किंवा ती दडपून जाते. वाक्प्रचारांतला हा माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो. त्याच जागेसाठीचा दुसरा शब्द 'स्तन'. तो आपल्या भाषेने मातृत्वाकडे आणि सौंदर्यवर्णनाकडे सोपवला. वात्सल्य आणि शृंगार या दोन रसांत त्याची वाटणी झाली आणि पुरुषाच्या वाट्याला तो आलाच नाही. एखाद्या प्रौढ पुरुषाविषयी बोलताना 'स्तन' म्हटले, तर ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते.

शरीर ही वाटणी मानत नाही. गर्भाची लैंगिक अवयवरचना स्पष्ट होण्यापूर्वीच स्तनाचा पाया घातला जातो. म्हणूनच पुरुषाला स्तनाग्रे असतात आणि त्यांच्यामागे थोड्या दुग्धनलिका व थोडी मेदपेशीही असते. वयात येताना मुलीच्या शरीरात ही रचना वाढते, मुलाच्या शरीरात ती तशीच अविकसित राहते. पण नलिका आहेत तेथे त्यांच्या अस्तरातील पेशी आहेत, आणि पेशी आहेत तेथे कर्करोगाची शक्यता आहे. स्तनकर्करोगाच्या शंभर रुग्णांमागे सुमारे एक रुग्ण पुरुष असतो. या एका रुग्णाचा इतिहास आम्ही प्रस्तुत लेखात मांडणार आहोत. वैद्यकाचा विषय साहित्याच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण असे की, हा रुग्ण दुर्लक्षित राहिला त्यामागे रोगाच्या दुर्मिळतेइतकाच रोगाच्या नावाचाही वाटा आहे. आणि नावे कशी पडतात, ती काय दाखवतात व काय झाकतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांचा आहे.

इतिहासाची सुरुवात इजिप्तमध्ये होते. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्सर येथे एक पपायरस विकत घेतला. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी १९३० साली त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले. ही प्रत इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची, तर मूळ ग्रंथ त्याहूनही कित्येक शतके जुना मानला जातो. त्यात जखमा आणि गाठी यांची ४८ प्रकरणे क्रमाने दिलेली आहेत. पंचेचाळिसाव्या प्रकरणात छातीवर उठलेल्या, हाताला थंड लागणाऱ्या गाठींचे वर्णन आहे आणि शेवटी वैद्याचा निर्णय असा की, यावर उपचार नाही. स्तनकर्करोगाचे सर्वांत जुने वर्णन म्हणून ज्याचा उल्लेख वारंवार केला जातो ते हेच. या ग्रंथातील रुग्णाचा उल्लेख पुल्लिंगी आहे. त्या गाठी कर्करोगाच्याच होत्या काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; परंतु त्या असतील, तर स्तनकर्करोगाच्या लिखित इतिहासातला पहिला रुग्ण पुरुष ठरतो. पुढील वैद्यकाने त्याला ज्या तऱ्हेने बाजूला सारले ते पाहता हा योगायोग लक्षणीय आहे.

बाजूला सारण्याचे काम सिद्धांतांनी केले. ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले, लॅटिनने त्याचा अनुवाद केला आणि आपण आधुनिक काळात त्याच प्रतिमेवरून 'कर्करोग' हा शब्द घडवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलनने या रोगाचे कारण शरीरात साचलेल्या काळ्या पित्तात शोधले. स्त्रीचा विटाळ नियमित गेला तर हे पित्त बाहेर पडते, तो थांबला की ते स्तनात साचते, असे हे गणित. या गणितात पुरुषाच्या स्तनाला जागा नव्हती, कारण पित्ताच्या निचऱ्याची ती वाटच त्याला नव्हती. गेलनचा अधिकार युरोपवर पुढे हजार-दीड हजार वर्षे चालला.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेत हाच पेच निराळ्या रूपाने दिसतो. शारीरस्थानात मर्मांची गणना करताना ग्रंथकार उरःप्रदेशातील 'स्तनमूल' आणि 'स्तनरोहित' ही मर्मे सांगतो. ती मनुष्यमात्राची आहेत, तेथे स्तन हा शब्द पुरुषालाही लागू आहे. परंतु निदानस्थानात स्तनरोगांचा विचार सुरू झाला की विवेचन स्त्रीपुरते मर्यादित होते. कन्यांच्या स्तनांतील धमन्यांची द्वारे मिटलेली असतात, म्हणून त्यांना स्तनरोग होत नाहीत. गर्भधारणेनंतर व प्रसूतीनंतर ती आपोआप उघडतात आणि दोषांना वाट मिळते, असे त्याचे प्रतिपादन आहे. शरीररचनेत पुरुषाला स्तन आहे, रोगविचारात नाही. अर्बुद म्हणजे वाढत जाणारी, न पिकणारी गाठ. तिचा विचार सुश्रुताने स्वतंत्र अध्यायात केला आणि ती शरीरात कोठेही होऊ शकते असे मानले. तेव्हा पुरुषाच्या छातीवरील गाठीला आयुर्वेदात नाव मिळू शकत होते, ते अर्बुदाचे. स्तनरोगांच्या यादीत मात्र ती बसत नव्हती.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपात निरीक्षणाची आणि मोजणीची पद्धत रुजू लागली. व्यवसायजन्य रोगांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी जोगिणींच्या मठांत स्तनकर्करोग अधिक आढळतो, असे नमूद केले. पुढे १८४२ साली रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्याने व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासून त्याला आकड्यांचा आधार दिला. अपत्य नसणे आणि स्तनाचा रोग यांचा संबंध येथून प्रस्थापित झाला, आणि तो खराही होता. परंतु याच खऱ्या शोधामुळे हा रोग स्त्रीच्या प्रजननाशी कायमचा बांधला गेला. शल्यविशारदांच्या टिपणांत अधूनमधून पुरुष रुग्ण येत राहिले. त्यांची नोंद कुतूहलाची वस्तू म्हणून होई आणि तेथेच संपे.

हा बांध फुटला तो विसाव्या शतकात, आणि तोही संप्रेरकांच्या वाटेने. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली असे दाखवून दिले होते की, बीजांडे काढून टाकल्यावर स्तनकर्करोगाच्या काही स्त्रियांचा रोग ओसरतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक तेव्हा अजून ठाऊक झालेले नव्हते. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी, १९४२ साली, न्यूयॉर्कमध्ये फॅरो आणि अडेअर या दोघा डॉक्टरांनी हाडांपर्यंत रोग पसरलेल्या पुरुष रुग्णाचे वृषण काढल्यावर हाडांतील रोग मागे हटल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी काही पुरुषांचे वर्णन केले: वृषण लहान, शुक्रजंतूंचा अभाव आणि स्तनांची वाढ. या पुरुषांच्या पेशींत एक्स गुणसूत्र एक जास्तीचे असते, हे १९५९ साली पॅट्रिशिया जेकब्ज आणि जॉन स्ट्राँग यांनी सिद्ध केले. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की अर्थ उलगडतो. पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असते. मेदपेशी आणि इतर ऊती टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर करून ते तयार करतात, यकृत ते मोडून बाहेर टाकते. रोगाचे मूळ स्त्रीत्वात शोधणे चुकीचे होते. ते या दोन संप्रेरकांच्या तोलात शोधायला हवे होते, आणि तो तोल पुरुषाचाही ढळू शकतो.

याच सुमारास हा इतिहास मुंबईत पोहोचतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाचा विचार समाजाच्या अंगाने करण्याची दृष्टी दिली. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, आणि त्यामागे खाण्यापिण्याच्या, तंबाखूच्या, विवाहाच्या कोणत्या रीती, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबईसारखे शहर या प्रश्नासाठी जणू घडवलेलेच होते, कारण येथे एकाच हवापाण्यात अनेक जातिधर्मांचे लोक आपापल्या चालीरीती सांभाळून राहत होते. १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वतीने १९६३ साली मुंबईची कर्करोग नोंदणी सुरू झाली. विशिष्ट प्रदेशातील सर्व रहिवाशांचा हिशेब ठेवणारी भारतातील ही पहिली नोंदणी. तिच्या आधारे डॉ. जस्सावाला आणि जैन यांनी १९७७ साली बृहन्मुंबईतील स्तनकर्करोग आणि धर्म यांच्या संबंधावर अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ वर्षांतील २,१३० रुग्णांचा तो अभ्यास होता आणि पारशी समाजातील स्त्रियांत रोगाचे प्रमाण इतरांहून अधिक असल्याचे त्यातून ठळक झाले. या २,१३० रुग्ण स्त्रियाच होत्या. यात संशोधकांचा दोष नाही. तुलनेसाठी संख्या लागते आणि पुरुषांची संख्या फार थोडी. परंतु इतिहासाच्या दृष्टीने नोंद घ्यावयाची गोष्ट अशी की, धर्म, भाषा आणि राहणीमान यांच्या चाळणीतून रोग गाळून पाहणाऱ्या या शहरातही लिंगाची चाळणी आधीच लागलेली होती.

येथे मीरा-भाईंदरचा संबंध येतो. नोंदणीने स्वतःसाठी आखून घेतलेला प्रदेश बृहन्मुंबईचा, आणि त्याची उत्तर सीमा दहिसर. दहिसरचा चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा लागतो आणि मीरा-भाईंदर सुरू होते. मिठागरे, उत्तनचा कोळीवाडा आणि भातखाचरे यांचा हा पट्टा १९८५ साली नगरपालिका झाला, २००२ साली महानगरपालिका झाला आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८ लाखांवर गेली. मुंबईत परवडेनासे झालेले घर शोधत आलेली ही माणसे नोकरीला मुंबईत जातात, आजारी पडली की लोकलने दादरला उतरून परळ गाठतात. रुग्णालयाच्या कागदांत त्यांची नावे येतात. पण मुंबईच्या लोकसंख्येतील रोगाचे प्रमाण काढताना हा रुग्ण रहिवाशांत मोजला जात नाही. नियम म्हणून हे योग्यच आहे, कारण भागाकार करायचा तर छेदातली लोकसंख्या आणि अंशातले रुग्ण एकाच हद्दीतले हवेत. तरीही एक चित्र उभे राहते: भाईंदरचा पुरुष रुग्ण रोगाच्या नावाबाहेर आहे आणि शहराच्या आकड्याबाहेरही.

या नावाबाहेरच्या रुग्णांनी विज्ञानाला मात्र भरभरून दिले आहे. १९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी आनुवंशिक स्तनकर्करोगाशी निगडित जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. तेच पुढे बीआरसीए-१ या नावाने ओळखले गेले. त्यानंतर ज्या कुटुंबांत पुरुषांनाही हा रोग झाला होता अशा कुटुंबांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांचा संबंध या जनुकाशी जुळेना. मायकेल स्ट्रॅटन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तसे प्रसिद्ध केले. म्हणजे दुसरे एखादे जनुक असले पाहिजे. ते तेराव्या गुणसूत्रावर असल्याचे त्याच वर्षी कळले आणि १९९५ च्या अखेरीस बीआरसीए-२ हाती आले. आज जगभरातील असंख्य स्त्रियांना ज्या तपासणीमुळे वेळीच सावध होता येते, तिच्यामागे त्या मोजक्या पुरुष रुग्णांची साक्ष आहे.

बीआरसीए-२ मधील सदोष बदल वाहणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे सहा ते आठ जणांना आयुष्यात स्तनकर्करोग होतो. सर्वसाधारण पुरुषांत हे प्रमाण हजारात सुमारे एक आहे. बीआरसीए-१ मुळे होणारी वाढ यापेक्षा पुष्कळ कमी. त्याखेरीज बीआरसीए-२ वाहणाऱ्या पुरुषाला पुरःस्थ ग्रंथीचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होण्याचा धोकाही अधिक असतो. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडून येतो, आणि प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या कुटुंबपद्धतीत या गोष्टीला विशेष अर्थ आहे. 'बायकांचा आजार' बायकांच्या बाजूने येतो, असे आपण गृहीत धरतो. घराण्याची हकिकत सांगताना आईचे आणि मावशीचे दुखणे आठवते. आत्येचे दुखणे सांगावे असे कोणाला सुचत नाही, कारण आत्या लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेली असते. पण आत्येला चाळिशीत झालेला स्तनाचा कर्करोग तिच्या भावाच्या रक्तातही दडलेला असू शकतो आणि त्याच्यामार्फत त्याच्या मुलीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच स्तनकर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाने जनुकीय तपासणी करून घ्यावी, असा सल्ला आज दिला जातो. तिचा निकाल त्याच्याइतकाच त्याच्या बहिणीला आणि लेकीला उपयोगी असतो.

जनुकांखेरीज इतर कारणांचे चित्र स्पष्ट व्हायला २०१४ साल उजाडावे लागले. एकेका देशात रुग्ण इतके थोडे की एकट्या अभ्यासातून निष्कर्ष निघत नसे. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या २१ अभ्यासांतील २,४०० हून अधिक पुरुष रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यातून दिसले ते असे. क्लाइनफेल्टरची अवस्था असलेल्या पुरुषांत धोका सुमारे पंचवीस पट. स्तनवाढ झालेल्यांत सुमारे दहा पट. शरीराचे वजन जसे वाढत जाते तसा धोकाही वाढतो आणि मधुमेहाचाही त्यात थोडा वाटा आहे. न उतरलेले वृषण व वृषणाचा दाह यांच्याकडेही काहीसा निर्देश मिळतो. येथे स्तनवाढीविषयी एक खुलासा हवा. वयात येणाऱ्या मुलांत आणि वृद्धांत ती सर्रास आढळते, बहुतेकांत ती निरुपद्रवी असते, आणि मुळात दुर्मिळ असलेला धोका दहा पट झाला तरी तो लहानच राहतो. तिच्यामुळे कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. मद्य आणि तंबाखू यांचा थेट संबंध या एकत्रित अभ्यासात आढळला नाही. मात्र मद्याने वा अन्य कारणाने यकृत निकामी होत गेले तर इस्ट्रोजेनचा निचरा अडतो, हे शरीरशास्त्र पूर्वीइतकेच खरे आहे. छातीवर पूर्वी घेतलेले किरणोपचार हेही एक कारण. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या पुरुषांत हा रोग अधिक आढळला, त्यावरून किरणोत्साराचा संबंध दिसून आला. आणि सर्वांत मोठे कारण वय. पुरुषांत हा रोग बहुधा साठीच्या आसपास किंवा त्यानंतर दिसतो.

आणखी एक कारण भाईंदरकरांच्या ओळखीच्या जगातले आहे. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टेनलेस स्टीलची भांडी घडतात. पत्रा लाटणे, कापणे, दाबणे, घासून चकाकवणे ही कामे येथे कित्येक दशके चालत आली आहेत. मबुची आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली अमेरिकेतील पाच महानगरांतील ५२ पुरुष रुग्णांची तेवढ्याच इतर पुरुषांशी तुलना केली, तेव्हा झोतभट्ट्या, पोलादाचे कारखाने आणि रोलिंग मिल यांत काम केलेल्यांचे प्रमाण रुग्णांत अधिक निघाले. उष्णतेने वृषणांचे काम मंदावते आणि संप्रेरकांचा तोल बिघडतो, असा त्यामागचा तर्क. बावन्न ही संख्या लहान आहे. त्यावरून भट्टीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला धोका आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु रामाझ्झिनी यांनी तीनशे वर्षांपूर्वी वैद्यांना जो प्रश्न शिकवला, 'तुम्ही काम काय करता?', तो अशा रुग्णालाही विचारावयास हवा, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

पुरुषाच्या बाबतीत उशीर घातक ठरण्याचे कारण रचनेतच आहे. त्याच्या स्तनात मेद आणि ऊती इतक्या थोड्या की स्तनाग्रामागे उठलेली गाठ अल्पावधीतच वर त्वचेला आणि खाली स्नायूला भिडते. ती बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीला आपल्याकडे आजार मानत नाहीत. गाठ, आत ओढले गेलेले किंवा वाकडे झालेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त वा स्राव, न भरणारी जखम, काखेतील गाठ ही तिची लक्षणे. एकाच बाजूला, कडक आणि वाढत जाणारी गाठ असेल तर ती डॉक्टरांना दाखवणे, गरजेप्रमाणे मॅमोग्राफी वा सोनोग्राफी आणि सुईने पेशी काढून तपासणी, हा मार्ग स्त्रीसाठी आहे तोच पुरुषासाठी. अडचण येते ती पहिल्या पायरीवर. ज्याला हा रोग आपल्याला होऊ शकतो हेच ठाऊक नाही, तो गाठीला उबाळू म्हणतो, कामावर मार लागला असेल म्हणतो, लेप लावतो. ठाऊक झाल्यावरही संकोच उरतो: घरी काय सांगायचे, कोणत्या रांगेत उभे राहायचे, अर्जावर काय लिहायचे. छातीचा कोट करणाऱ्या भाषेने त्याला या प्रसंगासाठी एकही शब्द दिलेला नसतो. स्त्रियांनी आपल्या आजाराविषयी बोलण्याची परंपरा मोठ्या कष्टाने उभी केली; पुरुषाला त्या परंपरेत शिरायचे तर आधी तो शब्द आपला म्हणावा लागतो.

उपचारांच्या इतिहासातही तीच तऱ्हा. पुरुषांतील बहुसंख्य गाठी, दहांतील सुमारे नऊ, इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या असतात. त्यामुळे टॅमॉक्सिफेन हे १९७० च्या दशकात स्त्रियांसाठी आलेले औषध त्यांच्यावर चांगले चालते. फॅरो आणि अडेअर यांनी शस्त्राने जे केले ते आता गोळीने साधते. परंतु नव्या औषधांच्या चाचण्यांत पुरुषांना बहुधा घेतलेच जात नसे. पाल्बोसिक्लिब या औषधाला पुरुषांसाठी अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली, ती चाचणीवरून नव्हे, तर प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवरून. चाचण्यांतून पुरुषांना सकारण असल्याशिवाय वगळू नये, असे तेथील औषध प्रशासनाने २०२० साली लेखी सुचवले. पपायरसातल्या पुल्लिंगी उल्लेखानंतर साडेतीन हजार वर्षांनी हे लिहावे लागले.

मग करावयाचे काय? सर्व पुरुषांची सरसकट तपासणी हा उपाय नव्हे. इतक्या दुर्मिळ रोगासाठी तशी मोहीम काढली तर खऱ्या रुग्णांपेक्षा विनाकारण घाबरवलेल्यांची संख्याच मोठी होईल. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे जो अभ्यास केला, तो स्त्रियांपुरता होता आणि तसाच असणे योग्य होते. तेथे आरोग्यसेविकांनी हातांनी केलेल्या साध्या तपासणीमुळे रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. लवकर सापडणे हीच त्यातली शिकवण, आणि पुरुषाच्या बाबतीत ती मोहिमेने साधणारी नसून माहितीने साधणारी आहे. ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लागतात, व्याख्याने होतात. त्या व्याख्यानांत एक वाक्य पुरुषांसाठी असावे. भाईंदर पश्चिमेच्या ज्या रुग्णालयाला भीमसेन जोशींचे नाव आहे आणि लोक ज्याला अजून टेंभा म्हणतात, तेथे किंवा गल्लीतल्या दवाखान्यात खोकल्यासाठी आलेल्या साठीच्या माणसाचा सदरा डॉक्टर तसाही वर करतात. स्टेथोस्कोप ठेवता ठेवता स्तनाग्राकडे एकदा पाहण्यास वेगळा खर्च येत नाही.

भाषेच्या बाजूने आपल्यालाही काही करता येईल. 'पुरुषांचा स्तनकर्करोग' हा शब्दप्रयोग आज विरोधाभास अलंकारासारखा ऐकू येतो. वर्गात, लेखात, भाषांतरात तो न अडखळता वापरला गेला तर हळूहळू तो साधे नाम होईल. 'छातीचा कॅन्सर' असे म्हणून संकोच टाळण्याची सोय आपण करून घेतली आहे, पण ती महाग पडते, कारण त्या शब्दाने ऐकणाऱ्याला फुप्फुस आठवते आणि तो विडी सोडून निश्चिंत होतो. सुश्रुताने मर्मे मोजताना जो शब्द स्त्री-पुरुष दोघांसाठी सहज वापरला, तोच रोग सांगतानाही दोघांसाठी वापरावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. पुढच्या वेळी घरातल्या कोणा वडीलधाऱ्या पुरुषाने आंघोळीनंतर छाती चोळताना 'येथे काहीतरी कडक लागते' असे म्हटले, तर ऐकणाऱ्याने हसू नये आणि आठवडाभरात त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.